उद्याचा पाव

पाव कालचा घ्यावा. ताजा घेऊ नये. ताजा पाव दुधात पडला की त्याचा लगदा होतो, आणि लगदा व्हायला घरात माणसं आहेतच.

काप दोन बोटं जाड करावेत. काचेच्या पसरट भांड्याला आतून लोणी चोळावं आणि काप एकमेकांच्या अंगावर रेलून बसतील असे लावावेत. टोकाचे कडक तुकडे बाजूला काढून ठेवावेत, टाकू नयेत. मग थोडं थांबावं. बसून थांबू नये, बसलं की उठवत नाही. ओट्याला टेकून, डोळे मिटून थांबावं.

शनिवारी सकाळी ती तशीच उभी होती. नवरा पहाटेच बस काढायला गेला होता. आतल्या खोलीत सासरे रेडिओवरच्या बातम्यांना उलट उत्तरं देत होते. दुपारी तिला कामावर पोचायचं होतं. हॉस्पिटलची लाँड्री, तळघरात. सगळ्या मजल्यांच्या चादरी तिथे खाली येतात आणि पुन्हा वर जातात. तिचं काम इस्त्रीच्या रोलरवर. एका बाजूने दोघींनी ओली चादर टोकं धरून आत सोडायची, पलीकडून दोघींनी गरम चादर ओढून घ्यायची. ती गरम बाजूला. घरात आता तिला भांडं उतरवायला फडकं लागत नाही.

"काय चाललंय?" सासऱ्यांनी आतून विचारलं.

"उद्याचा पाव."

"उद्याचा आज?"

"हो."

"आणि आजचं काय?"

"आजचं काल केलंय, बाबा. फ्रीजमध्ये आहे."

"या घरात आज असा दिवसच नाही," ते म्हणाले आणि पुन्हा बातम्यांकडे वळले.

*

अंडी फोडावीत. दूध आणि साय घालून एकजीव फेटावीत. साखर, चिमूटभर मीठ, दालचिनीची पूड, थोडं जायफळ किसून, व्हॅनिलाचे थेंब. हे सगळं पावावर हळूहळू ओतावं, कोपऱ्यांपर्यंत पोचेल असं. मग तळव्याने काप दाबावेत, तान्ह्याला थोपटतात तसे, म्हणजे ते पितात. झाकावं. फ्रीजमध्ये ठेवावं. रात्रभर विसरावं.

या शेवटच्या वाक्यासाठीच तिने हा पदार्थ निवडला होता.

नणंद येणार होती, नवऱ्याची थोरली बहीण, तिच्या यजमानांना घेऊन. नवऱ्याने हे नेहमीप्रमाणे दारात सांगितलं होतं, एक बूट काढता काढता. "रविवारी ताई येतेय जेवायला. म्हणजे अगदी जेवायला नाही. त्या मधल्या वेळेला. ते काय म्हणतात, ब्रंच."

"ना न्याहारी, ना जेवण," सासरे आतून म्हणाले होते. "अर्धवट. जावयासारखं."

तिला राग यायला हवा होता. न विचारता बोलावलं म्हणून. पण रागाला जी ताकद लागते ती रोलरवरच संपते. तिने फक्त हिशोब केला: उभं राहून करायचं काही ठेवलं तर सकाळ गेली. आदल्या दिवशी करून ठेवलं, तर सकाळी नुसतं ओव्हनमध्ये सरकवायचं. तो पाव भाजत असतानाचा वेळ आपला. सासरे उशिरा उठतात, नणंद उशिरा येते, नवरा घरात असेल आणि जागा असेल. तेवढ्या वेळात त्याला सांगायचं.

काय सांगायचं ते असं.

लाँड्रीच्या मुकादमबाईंनी तिला बाजूला घेऊन म्हटलं होतं, "दुरुस्तीच्या खोलीत जागा होतेय. दिवसपाळी. खिडकीपाशी बसून फाटक्या चादरींना शिवण घालायची. बसून, बरं का. येतेस? सोमवारी सांग. नाहीतर मी दुसरीला विचारीन, मग माझ्या नावाने खडे फोडू नकोस."

"घरी विचारून सांगते," ती म्हणाली होती.

आणि घरी विचारलं नव्हतं. मागच्या वर्षी सासरे न्हाणीघरात घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि घरात कुणी येईपर्यंत तसेच ओल्या फरशीवर पडून राहिले. त्या दिवशी नवऱ्याने एकच वाक्य उच्चारलं: यापुढे घर रिकामं ठेवायचं नाही. तेव्हापासून तो पहाटपाळी, ती दुपारपाळी. तो आला की ती निघते. ती दिवसपाळीला गेली, तर सकाळभर सासरे एकटे. म्हणजे नवऱ्याला स्वतःचं ते वाक्य मोडावं लागेल.

फोनवर हे बोलण्यासारखं नव्हतं. तो गाडी चालवत असताना फोन घेत नाही, तिचा फोन कपाटात बंद असतो. दारात बोलावं तर तो म्हणेल, "बघू." त्याच्या 'बघू'मध्ये बऱ्याच गोष्टी गेल्या होत्या. नवा गिझर, कोपऱ्यातला ओलावा, एक सहल. आणि नणंदेसमोर तर तोंड उघडायची सोय नाही. ती म्हणणार, "बाबांना एकटं ठेवणार?" आणि स्वतःच्या घरी जाणार.

म्हणून तो वेळ हवा होता. बाकी काही नको होतं. पाव तर तिला आवडतही नव्हता फारसा.

*

चमच्याबद्दल.

ओट्याच्या कोपऱ्यात लांब दांड्याचा एक चमचा असतो. तो उताणा असेल तर: माझ्या वाटचं झालं. पालथा असेल तर: राहिलंय, तू कर. हे कधी ठरलं ते दोघांनाही आठवत नाही. चिठ्ठ्या लिहायला दमले तेव्हा कधीतरी. कपडे वाळत घालायचे, कचरा खाली न्यायचा, दूध तापवायचं. ज्या दिवशी जे अर्धं तुझं-अर्धं माझं असेल, त्याचं उत्तर चमच्यात. एका घरात आळीपाळीने राहणाऱ्या माणसांना एवढी भाषा पुरते. सासऱ्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं सुचलंच नव्हतं.

शनिवारी तिने पाव झाकून फ्रीजमध्ये ठेवला. चमचा उताणा ठेवला. बेसिनमध्ये वाट्या, चमचे, फेटण्याचं भांडं, सगळं खरकटं तसंच टाकलं, कारण नवऱ्याची किल्ली दारात वाजली आणि तिचा एकच हात बाहीत गेला होता.

"बाबांच्या गोळ्या?"

"दिल्या. जेवलास?"

"डेपोत. आज उशीर झाला, बदलीचा आलाच नाही."

"दिसतंय. जाते."

"ये."

एवढा संसार करून ती जिना उतरली.

*

अंडी फोडावीत. दूध आणि साय घालून एकजीव फेटावीत. साखर, चिमूटभर मीठ, दालचिनीची पूड, थोडं जायफळ किसून, व्हॅनिलाचे थेंब. हे सगळं पावावर हळूहळू ओतावं.

संध्याकाळी झोपेतून उठून नवरा ओट्यापाशी आला तेव्हा चमचा पालथा होता. बिचारीला जमलं नाही वाटतं, त्याच्या मनात आलं. त्याने फ्रीज उघडला, काप लावलेलं भांडं बाहेर काढलं, आणि लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने शिकवलं होतं तसं सगळं केलं. जायफळ किसताना बोटाचं साल काढून घेतलं. तळव्याने काप दाबले. ते काही फारसं प्यायला तयार नव्हते. उरलेलं वरून तसंच ओतून त्याने भांडं झाकलं, फ्रीजमध्ये ठेवलं, बेसिन घासून लख्ख केलं, आणि चमचा उताणा ठेवला.

ती आली तेव्हा तो झोपला होता. तिने चमचा पाहिला. उताणा. जसा ठेवला होता तसा. तीही झोपली.

*

सकाळी भांडं थोडा वेळ बाहेर ठेवावं. गार काच तापल्या ओव्हनमध्ये घातली तर तडकते.

रविवारी तिने भांडं उचललं तेव्हाच ते जड लागलं. झाकण काढलं. काप दिसेनात. पिवळ्या दुधावर दोन-चार कडा तेवढ्या वर आल्या होत्या, महापुरातल्या छपरांसारख्या.

ती आत गेली आणि नवऱ्याच्या खांद्याला हलवलं.

"ऊठ. काल काय केलंस त्या पावाचं?"

"केलं की. तू ठेवलं होतंस ते."

"काय ठेवलं होतं मी?"

"करायचं ठेवलं होतंस. मी करून टाकलं." तो उठून बसला. त्याच्या चेहऱ्यावर शाबासकीची जागा रिकामी होती.

"मी करून ठेवलं होतं! चमचा उताणा होता."

"पालथा होता."

"उताणा."

"पालथा. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला."

"आणि पाव कुणाच्या डोळ्यांनी पाहिलास? ओला नव्हता लागला?"

तो तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात आला आणि भांड्यात वाकून बघत राहिला. "जरा ओलसर वाटला खरा. मला वाटलं, फ्रीजमुळे असेल."

"फ्रीजमुळे!"

"अगं, चमचा पालथा होता," तो पुन्हा म्हणाला. हात पावाला लावून, पाव ओला लागूनही माणसाने चमच्याचंच ऐकावं, हे दोघांनाही एकदमच कळलं आणि दोघंही थोडी खजील झाली. पण भांडण सुरू झालं होतं, ते मध्येच सोडून कसं चालेल.

"मग तो काय आपल्या पायाने पालथा झाला?"

"मला काय माहीत? घाईत ठेवला असशील."

"म्हणजे माझंच चुकलं."

"मी म्हटलं का तसं?"

"नाही, तू कशाला म्हणशील. तू 'बघू' म्हणशील."

हे चुकून आलं. या सकाळी ती असं काही बोलणार नव्हती. ती शांतपणे, दोन खुर्च्यांवर समोरासमोर बसून बोलणार होती. तिने डाव घेतला आणि वरचं दूध पातेल्यात उपसायला लागली.

वॉकरचे चार पाय फरशीवर ठकठकत आले. सासरे दारात उभे राहिले. केस उभे, बनियन उलटा.

"चमच्यावरून भांडताय? तो लांब दांड्याचा? मी घेतला होता तो."

"कशाला?" नवऱ्याने विचारलं.

"चहा ढवळायला. माझा चमचा त्या खरकट्यात बुडालेला."

"कुठला चहा?"

"माझा चहा. चारचा."

"केला कोणी?"

सासऱ्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. आपण कशात पाय घातला हे त्यांच्या लक्षात आलं असावं. पण लिफ्ट दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेला माणूस, अर्ध्यात थांबणं त्यांना माहीत नव्हतं. "मी केला. रोज करतो. चमचा धुऊन परत ठेवला. पालथा. उताणा ठेवला की पाणी साचतं, डाग पडतात. तुम्हा लोकांना साधं कळत नाही."

डावातलं दूध ठिबकत राहिलं.

"तुम्ही गॅस लावता?" नवऱ्याचा आवाज चढला. "एकटे?"

"एकटा कुठे? तू असतोस ना घरात."

"मग मला उठवायचं!"

"सुरुवातीला उठवलं होतं. तू म्हणालास, पुढच्या स्टॉपवर उतरा."

तिला हसू आलं. दाबलं, पण नाकातून निसटलं.

"हसतेस काय? हे पडले असते तर?"

"पडलो असतो तर तू घोरत होतास," सासरे म्हणाले. "वरच्या मजल्यावरचे मला विचारत होते, पाण्याचा नवा पंप बसवलात का म्हणून. अरे, जन्मभर लोकांना वर-खाली केलं मी. मला एक खोली ओलांडता येणार नाही?"

नवरा खुर्ची ओढून बसला आणि साल निघालेल्या बोटाकडे बघत राहिला. पहाटे उठायचं, सकाळभर लोकांना सांभाळून उतरवायचं, धावत घरी यायचं, कारण बाबा एकटे राहता कामा नयेत. आणि बाबा रोज एकटेच होते. तो फक्त शेजारच्या खोलीत पडलेला होता, एखाद्या पोत्यासारखा.

ती ते सगळं त्याच्या पाठीवर वाचत होती. कीव आली. पण कीव करायची वेळ नव्हती, ताई येणार होत्या. बाजूला ठेवलेले पावाचे कडक तुकडे तिने उरलेल्या दुधात खोचले, जिथे खळगे दिसले तिथे. वर लोणी-साखर पसरली. आच नेहमीपेक्षा मंद ठेवली. आता वेळ लागणार होता. लागू दे.

"दुरुस्तीच्या खोलीत जागा आहे," ती ओव्हनकडे तोंड करून म्हणाली. "दिवसपाळी. बसून काम. उद्या सांगायचंय. मला जायचंय तिकडे."

मागे खुर्ची करकरली.

"मला उभं राहवत नाही रे आता," ती म्हणाली. हे वाक्य तिने ठरवलेल्यांपैकी नव्हतं.

"बघू," तो म्हणाला. सवयीने. मग आपलाच शब्द कानावर पडल्यासारखं त्याने वर पाहिलं, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

बेल वाजली.

*

पाहुणे लवकर आले तर काय करावं हे कुठल्याही कृतीत लिहिलेलं नसतं.

नणंद आत आली ती वास घेतच. "आहाहा. झालंय ना? आम्ही मुद्दाम उपाशी आलोय."

"होतंय, ताई. बसा. अहो, ताईंना खुर्ची द्या." चारचौघांत ती नवऱ्याला अहो म्हणायची. आज ते अहो जरा टोचरं आलं.

"किती दमल्यासारखी दिसतेस गं वहिनी. झोपत जा की."

"जाते."

नणंदेचे यजमान भिंतीजवळच्या खुर्चीत बसले. ते "हं" म्हणाले, आणि त्यांचं त्या दिवसापुरतं बोलणं झालं असं सगळ्यांनी धरलं. मग सगळे ओव्हनच्या काचेकडे बघत बसले, डेपोत गाडीची वाट बघतात तसे. गाडी येईना. ताईंनी जावेच्या आजारपणाचं सांगितलं, शेजारच्या बांधकामाचं सांगितलं, आणि मग, जे येणार होतं ते आलं.

"बाबांकडे नीट लक्ष आहे ना? मला तिकडे रात्रंदिवस घोर असतो."

"घोर इथेही असतो," सासरे म्हणाले. "दुपारी. मोठ्याने."

"म्हणजे?"

ती उठली, ओव्हन उघडला, मधोमध सुरी घालून पाहिली. सुरी ओली आली. तिने दार परत लावलं आणि तिथेच उभी राहिली, कारण उभं राहणं येत होतं.

"बाबा चहा स्वतः करतात," नवरा म्हणाला. टेबलाकडे बघत. "रोज दुपारी."

"एकटे? गॅसपाशी? आणि तू कुठे असतोस रे?"

"झोपलेला असतो."

"रोज?"

"रोज. अगं, मी लक्ष देत नाही. मी नुसता घरात असतो." त्याचे कान लाल झाले होते. बहिणीपुढे असं बोलायची त्याला सवय नव्हती. लहानपणी तो मार खाऊन गप्प बसणाऱ्यांतला. "तर उद्यापासून, म्हणजे लवकरच, ही दिवसपाळीला जाणार आहे. ठरलंय. सकाळी बाबा एकटे असतील. मी दुपारी येईनच."

ओव्हनच्या दारावरचा तिचा हात तसाच राहिला.

"बाबांना एकटं ठेवणार?" ताई म्हणाल्या. अगदी त्याच शब्दांत. "पुन्हा पडले तर?"

"पडतील कदाचित. न्हाणीघरात मी दांडा बसवतो. गळ्यात अडकवायला फोन देतो. त्याहून जास्त मला येत नाही, ताई. तू येतेस का सकाळी?"

ताई काट्याशी खेळायला लागल्या. आणि भिंतीजवळून आवाज आला:

"मी येत जाईन. मी रिकामाच असतो."

सगळ्यांनी यजमानांकडे पाहिलं. ताईंनी सगळ्यात जास्त.

"नको," सासरे म्हणाले. "हा बोलत नाही. त्यापेक्षा माझा रेडिओ बरा."

"मीही बोलण्यासाठी येत नाहीये," यजमान म्हणाले. "तुमच्या हातचा चहा प्यायला येतोय."

सासऱ्यांनी यावर थोडा विचार केला. "साखर आपली आणायची," ते म्हणाले.

ताईंचं समाधान झालं नव्हतं. "मी मध्ये मध्ये फोन करीन," त्या म्हणाल्या, जरा दमात, जणू पोलिस पाठवणार होत्या.

"कर. बातम्या संपल्यावर कर."

*

भांडं बाहेर काढल्यावर लगेच कापू नये. जरा निवू द्यावं, म्हणजे ते स्वतःला सावरतं.

"फडकं घे!" नवरा ओरडला. तिने हात आखडला, आणि फडकं घेऊन भांडं बाहेर काढलं.

वरचा थर तांबूस, करकरीत. कडांना फुगलेला. मध्ये मात्र तळं. ताईंनी कडेचा तुकडा घेतला आणि "छान झालंय हं, थोडं ओलं" म्हणाल्या. यजमानांनी दोनदा घेतलं. सासऱ्यांनी साल तेवढी खाल्ली आणि बाकीचं चमच्याने चाटून पुसून, हे पाव नाही, खीर आहे, असा निकाल दिला. ती मधलं घेऊन बसली, कारण ते कुणी घेतलं नसतं. गरम होतं, मऊ होतं, चावावं लागत नव्हतं.

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या मिशीला साखर लागली होती. सांगावं असं तिच्या मनात आलं. सोमवारी काय म्हणायचं तेही मनात जुळवून ठेवावं असं वाटलं: मुकादमबाई, येते मी. एवढंच तर म्हणायचं. ते उद्या. खुर्चीला पाठ होती, पाठीला खुर्ची होती, ताईंचा आवाज लाँड्रीतल्या यंत्रासारखा लांबून एका सुरात येत होता.

पाहुणे निघाले तेव्हा तिला कळलं नाही. ती टेबलावर हातांची उशी करून झोपली होती. ताईंनी ताटं उचलली होती, हे मागाहून तिला कळलं, आणि धुतली नव्हती, हेही.

ओट्यापाशी नळ चालू झाला, बारीक. सासरे वॉकरला रेलून एकेक चमचा धूत होते. लांब दांड्याचा हातात आला तसे ते थांबले.

"हा कसा ठेवू रे?" त्यांनी दबक्या आवाजात मुलाला विचारलं. "उताणा की पालथा? पुन्हा भानगड नको."

नवऱ्याने झोपलेल्या बायकोकडे पाहिलं, मग ओट्याच्या कोपऱ्याकडे.

"डब्यात ठेवा, बाबा," तो म्हणाला. "बाकीच्यांबरोबर."